उर्वरित मजकूर पान सातवर

"हे फोडायचं कसं?" मेयर केस्लरनं माझ्या कानाशी लागून विचारलं.

"फोडायचं नाही. ठेवायचं," मी कॅमेऱ्याकडे बघून हसत पुटपुटलो.

"ओके," म्हणून त्यानं नारळ छातीशी धरला. सुटावर भरजरी शाल, कपाळाला कुंकू आणि हातात चांदीचं श्रीफळ. हॉलोब्रूक हायस्कूलच्या सभागृहात जमलेल्या साडेतीनशे मराठी माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातला हा सत्काराचा कार्यक्रम. साल दोन हजार तीन. मी, विद्याधर सबनीस, मंडळाचा सचिव आणि मंडळाच्या 'वार्तापत्रा'चा संपादक. म्हणजे सतरंज्या उचलणारा आणि शुद्धलेखन तपासणारा एकच माणूस.

आदल्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांना खराखुरा नारळ दिला. तो त्यांनी ऑफिसातल्या कुंडीत अर्धा पुरला आणि झाड कधी येतं म्हणून वर्षभर मला फोन करत राहिले. तेव्हा यंदा आमचे अध्यक्ष रत्नाकर टिपणीस म्हणाले, "सबनीस, या लोकांना जिवंत नारळ झेपत नाही." त्यांनी कोल्हापूरच्या गुजरीतून पाव किलो चांदीचा नारळ घडवून आणला. अगदी शेंडीसकट.

आता मेयरचाच सत्कार का, हे सांगायला हवं. गावात आगीच्या बंबवाल्यांची जुनी इमारत रिकामी पडली होती. टाउनशिपनं, म्हणजे गावच्या नगरपालिकेनं, बंबांसाठी नवी इमारत बांधली आणि जुनी कुठल्या तरी संस्थेला भाड्यानं द्यायचं ठरवलं. आम्ही अर्ज केला. बावीस वर्षं आमचा गणपती माझ्या गॅरेजमध्ये, गवत कापायचं यंत्र आणि शेजाऱ्यानं ठेवायला दिलेली नाताळच्या सजावटीची हरणं यांच्या मधे बसून वर्ष काढत होता. आणि माझी अकराशे मराठी पुस्तकं तळघरात खोक्यांत होती. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, बंबवाले तिथे झोपत. ती वाचनालयाला द्यायची असं टिपणीसांनी मला कबूल केलं होतं. मी त्या खोलीत गुपचूप जाऊन टेप लावून मापंही घेऊन आलो होतो. खोटं कशाला बोलू, मला त्या खोलीची स्वप्नं पडत.

निर्णय टाउनशिप कौन्सिलच्या हातात. मेयर धरून सहा मतं.

यात काही गैर आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाहुणा आला की शाल-श्रीफळ, हे आम्हाला श्वास घेण्याइतकं सरळ. लाच द्यायची असती तर आम्ही साडेतीनशे लोकांसमोर, माइकवरून नाव पुकारून दिली असती का?

तर त्या सोहळ्याचं वर्णन मी वार्तापत्रात केलं. झकास केलं. "अस्सल चांदीचे, पाव किलो वजनाचे, कोल्हापुरी कारागिरीचे श्रीफळ अर्पण करून मंडळाने नगराध्यक्षांस आपलेसे केले." वार्तापत्राच्या तीनशे प्रती निघत आणि एकही कुणी वाचत नसे. हे मी हवेत बोलत नाही. एकदा चुकून तोच अग्रलेख लागोपाठ दोन अंकांत छापला गेला, तर एका सभासदानं आवर्जून कळवलं की दुसरा जास्त आवडला.

वाचक एकच, आमची शलाका. माझी मुलगी. राज्यशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती आणि 'हॉलोब्रूक लेजर' या गावच्या साप्ताहिकात बातमीदार म्हणून लागली होती. कौन्सिलच्या सभा, शाळेचे सामने, हरवलेली मांजरं, सगळं तिच्याकडे. तिचं मराठी टिकावं म्हणून लहानपणापासून दर रविवारी मी तिच्याकडून वार्तापत्र मोठ्यांदा वाचून घेत असे. त्या रविवारीही घेतलं.

"बाबा, अस्सल म्हणजे खरं ना?" तिनं मधेच विचारलं.

"शंभर टक्के खरं."

"आणि आपलेसे केले म्हणजे?"

"म्हणजे आपल्या बाजूला वळवले. छान शब्दप्रयोग आहे, लक्षात ठेव."

तिनं लक्षात ठेवला.

बुधवारी संध्याकाळी मी जेवायला बसत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"मिस्टर सबनीस? मी हॉलोब्रूक लेजरमधून शलाका सबनीस बोलतेय."

मी छताकडे पाहिलं. आवाज फोनातून येत होता तसाच जिन्यावरूनही येत होता.

"शलाका, खाली ये. आमटी गार होतेय."

"मिस्टर सबनीस, हे ऑन द रेकॉर्ड आहे."

"आमटी?"

"तुमच्या मंडळानं मेयर केस्लर यांना चांदीचा नारळ दिला. मंडळाचा अर्ज मंगळवारी कौन्सिलपुढे आहे. यावर तुम्हाला काय म्हणायचंय?"

'तुम्हाला!' जन्मात पहिल्यांदा माझ्या पोरीनं मला अहो-जाहो केलं, आणि ते असल्या कामासाठी. माझं डोकंच फिरलं.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या वार्तापत्रात आहे. पान तीन. तुमच्या नावानं."

मंदा, माझी बायको, हातात डाव घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मी म्हणालो, "मला काही म्हणायचं नाही. आणि येताना वरची खिडकी लावून ये, पाऊस येईलसं दिसतंय."

पाचव्या मिनिटाला ती खाली आली, निमूटपणे ताट वाढून घेतलं. भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, उद्या छापून येईल. तू सगळं वाच हं. शेवटपर्यंत."

"घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या आणि वर वाचायचंही मीच?"

"घरातली कुठे? साडेतीनशे लोक होते."

मंदा म्हणाली, "दोघं जेवा आता." आम्ही जेवलो.

गुरुवारी संध्याकाळी टिपणीस आले ते बेल न वाजवताच. हातात लेजरचं पहिलं पान, तेवढंच, टराटरा फाडून आणलेलं. "मेयरना चांदीचा नारळ. अर्जाचा फैसला मंगळवारी." खाली शाल पांघरलेल्या केस्लरचा फोटो. आणि बातमीत एक वाक्य होतं की मंडळाचे सचिव विद्याधर सबनीस यांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला. खिडकीचं तेवढं छापलं नव्हतं.

"वाचलंत?" टिपणीस गरजले. "तुमच्या कन्यारत्नानं गणपतीलाच कोर्टात उभं केलंय! तिला सांगा, मागं घे म्हणावं."

"असं मागं घेता येत नाही, रत्नाकरराव. इथं वृत्तपत्राचं स्वातंत्र्य आहे. पहिल्या दुरुस्तीनुसार..."

"ते तुमच्या रविवारच्या वर्गात शिकवा!"

हा टोला बसला. कारण दर रविवारी माझ्या तळघरात मी खरंच तो वर्ग घेत असे. मुलांकडे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडलांना नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तयार करायचं. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती मी त्यांना पाच बोटांवर शिकवली होती. धर्म, बोलणं, छापणं, जमणं आणि सरकारकडे गाऱ्हाणं मांडणं. टिपणीसांची आईही माझ्या वर्गात होती.

टिपणीस खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणला. तो आवाज मला जास्त महागात पडला.

"हे बघा सबनीस. तो नारळ चांदीचा आहे हे कुणाला ठाऊक? तुम्हाला, मला आणि गुजरीतल्या सोनाराला. केस्लरनं तो कुठल्या तरी फडताळात टाकला असेल. मंगळवारी सभेत लोकांना तीन मिनिटं बोलायला देतात. तुम्ही उभे राहा आणि सांगा, नारळ मुलाम्याचा आहे. शोभेचा. वार्तापत्रात जरा भाषेचा फुलोरा झाला."

"म्हणजे मी खोटं लिहिलं असं सांगू?"

"खोटं नाही हो, साहित्यिक! तुम्ही संपादक आहात, तुम्ही म्हणालात तर पटेल. मी म्हणालो तर म्हणतील, हा अध्यक्ष, हा बोलणारच." मग ते उठता उठता म्हणाले, "ती वरची खोली रंगवायची झाली तर रंग तुम्हीच निवडा हं. वाचनालय तुमचं."

ते गेले. फाडलेलं पान माझ्याकडेच राहिलं. घरचा अंक मंदाच्या टेबलावर घडी घातलेला पडला होता, मी त्याला हात लावला नाही. रागच तेवढा होता. पोटच्या पोरीनं बापाला वेशीवर टांगलं आणि बापानं ते चष्मा लावून वाचायचं?

शलाका घरी आल्यावर तिनं विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

तिचा चेहरा जरा खुलला. का खुलला ते मला कळलं नाही. विचारावं असंही वाटलं नाही.

शुक्रवारी मी संगणकावर बसून वार्तापत्राचं पान तीन नव्यानं केलं. "अस्सल चांदीचे, पाव किलो वजनाचे, कोल्हापुरी कारागिरीचे" हे सगळं काढलं आणि "शोभेचे" एवढंच ठेवलं. "आपलेसे केले"च्या जागी "सत्कार केला" आलं. कुणी मागितला तर हा सुधारून काढलेला अंक दाखवायचा, असं ठरलं. बंदी नाही, सेन्सॉर नाही, पोलीस नाही. मीच संपादक, मीच कात्री. वाईट याचं वाटतं की वाक्य खरंच सुधारलं होतं.

रविवारच्या वर्गाला टिपणीसांची आई, माई, आल्या त्या बगलेत लेजर घेऊन. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या रोह्याच्या. परीक्षेत एक इंग्रजी वाक्य वाचून दाखवावं लागतं, म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं की गावचं साप्ताहिक वाचत जा. त्या बोट ठेवून वाचत. एक परिच्छेद म्हणजे दोन दिवस.

"मास्तर, शलाकाचं वाचतेय हो. दुसऱ्या परिच्छेदावर आहे. खाली लिहिलंय, उरलेलं सातव्या पानावर. तिथे काय आहे?"

"तिथे तेच असणार, माई. दळण. परीक्षेत वर्तमानपत्र विचारत नाहीत. चला, सिनेटर किती?"

"शंभर," माई म्हणाल्या, आणि बोट दुमडून अंक पिशवीत घातला.

मंगळवार उजाडला. कौन्सिलची सभा संध्याकाळी सात वाजता. समोर उंचावर सहाजण, मधे केस्लर. पहिल्या रांगेत कोपऱ्यात बातमीदारांची एक खुर्ची, तीत शलाका. आमचे पन्नास-साठ लोक आले होते, बायका काठापदराच्या साड्यांत. अजेंड्यावरचे विषय घेण्याआधी नागरिकांना बोलायला देत. माइकशेजारी तीन दिवे. हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की बसा. इथली लोकशाही मला या दिव्यांमुळेच फार आवडायची.

"नाव आणि पत्ता," क्लार्क म्हणाली.

मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता सांगताना उगाच वाटलं की शलाकाचाही हाच आहे. हिरवा दिवा लागला.

"गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाविषयी एक बातमी आली," मी सुरुवात केली. "वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मला आदर आहे. मी स्वतः ते शिकवतो. पण बातमीत एक चूक आहे, आणि ती माझ्यामुळे झाली. तो नारळ चांदीचा नाही. चांदीसारखा दिसतो, एवढंच. मुलाम्याचा आहे. आमच्याकडे सत्कारात अशी शोभेची वस्तू देतात. माझ्या लिहिण्यात अलंकार जरा जास्त झाले. बातमीदार तरुण आहे, तिचं मराठी थोडं कच्चं आहे, त्यामुळे तिचा गैरसमज झाला."

ते शेवटचं वाक्य टिपणीसांनी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. ते कुठून आलं हे आजही मला सांगता येत नाही, आणि त्याची लाज मात्र अजून येते.

शलाकाचं पेन थांबलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चिडली नव्हती. लहानपणी शाळेच्या फाटकाशी मला यायला उशीर झाला की अशी बघत असे. मग तिनं मान खाली घातली आणि लिहू लागली. माझे शब्द, जसेच्या तसे.

पिवळा दिवा लागायच्या आतच मी बसलो. मागून टिपणीसांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

केस्लरनं घसा साफ केला. "मिस्टर सबनीस यांचे आभार. जुन्या इमारतीचा विषय घेण्याआधी मी क्लार्कला विनंती करतो की माझी नोंद वाचून दाखवावी."

क्लार्कनं फाइल उघडली. "मेयर केस्लर यांना मिळालेली भेटवस्तू. शुद्ध चांदीचा नारळ, वजन दोनशे एक्कावन्न ग्रॅम, गावातल्या जवाहिऱ्याकडून तपासून घेतलेला. भेट टाउनशिपच्या नावे जमा. टाउन हॉलच्या दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटात ठेवली आहे. देणाऱ्यांचा अर्ज प्रलंबित असल्याने मेयर या विषयावर मत देणार नाहीत. नोंदीची तारीख, कार्यक्रमानंतरचा सोमवार."

सोमवार! म्हणजे आमच्या टाळ्या थांबून दोन दिवस झाले नव्हते तोवर. आणि ज्या दारानं आम्ही सगळे आत आलो त्याच दाराशी तो नारळ काचेत बसलेला होता. आमच्या साठजणांपैकी एकानंही तिकडे पाहिलं नव्हतं.

सभागृहात कुणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मिसेस डुगन नावाच्या एक सदस्य होत्या, शांत बाई, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी आमचा अर्ज हातात घेतला. "मी या संस्थेच्या बाजूनं मत द्यायचं ठरवून आले होते," त्या म्हणाल्या. "या अर्जात लिहिलंय की कार्यक्रमाला साठाहून जास्त गाड्या येणार नाहीत, आणि वाद्यं नऊला बंद होतील. खाली सही मिस्टर सबनीस यांची आहे." त्यांनी चष्मा काढला. "आता मला हे कळत नाही, की या साठांतल्या किती गाड्या अलंकार आहेत."

मेयर बाजूला झाल्यावर उरली पाच मतं. दोन आमच्या बाजूनं, तीन विरुद्ध. मिसेस डुगन यांचं तिसरं. जुनी इमारत परेडमध्ये बॅटन फिरवणाऱ्या मुलींच्या क्लबला गेली.

बाहेर पार्किंगमध्ये टिपणीस गाडीशी उभे होते. "सबनीस," ते म्हणाले, "तुम्ही असं कशाला बोललात?"

मी गाडीची किल्ली शोधू लागलो.

घरी आलो. मंदा कोथिंबीर निवडत होती. तिला सगळं आधीच कळलेलं दिसलं. बायकांचे फोन गाड्यांच्या आधी पोचतात. खाली पसरलेल्या वर्तमानपत्राकडे माझं लक्ष गेलं. मातीच्या आणि देठांच्या खाली शलाकाचं नाव होतं. मी देठ बाजूला सारले. पान सात.

तिथं सगळं होतं. मेयरनी सोमवारीच नोंद केली. नारळ टाउन हॉलमध्ये मांडला आहे. ते मत देणार नाहीत. टाउनशिपच्या वकिलांच्या मते यात कोणताही नियमभंग नाही. मेयर म्हणाले होते, "आजवर मला बेसबॉलच्या टोप्या खूप मिळाल्या. असं कुणी शाल पांघरवून माझ्या कपाळाला हात लावला नव्हता." आणि त्याखाली, कौन्सिलच्या पाचपैकी तीन सदस्यांनी मंडळाला इमारत देण्यास अनुकूलता दाखवली आहे. अगदी शेवटी बारीक अक्षरांत, सदर बातमीदाराचे वडील मंडळाचे सचिव आहेत.

पोरीनं आमची सगळी केस जिंकून सातव्या पानावर ठेवली होती. कुणी बोट दाखवायच्या आत तिनंच प्रश्न विचारून, उत्तरं मिळवून, दार मोकळं करून दिलं होतं. आणि मी त्या दाराला बाहेरून कडी घालून आलो होतो.

"तू वाचलं होतंस?" मी मंदाला विचारलं.

"गुरुवारीच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्ही तिला सांगितलंत ना, सगळं वाचलं म्हणून? मी इथेच पोळ्या लाटत होते." ती कोथिंबिरीची जुडी हातात धरून बसली. "आणि तुम्ही तिथे जाऊन काय बोलणार आहात, ते तरी मला सांगितलंत का?"

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. मी त्याच्या शेजारीच खुर्ची ओढून बसलो होतो.

"मिस्टर सबनीस? हॉलोब्रूक लेजरमधून शलाका सबनीस." आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिचा प्रयत्न चालला होता, तो जिन्यावरून ऐकू येत होता. "संपादकबाईंनी विचारलं, ही बातमी दुसऱ्या कुणाला देऊ का. मी म्हटलं, मी करते. मंगळवारच्या तुमच्या विधानाबद्दल तुम्हाला काही म्हणायचंय?"

"हो," मी म्हणालो. "लिहून घे. नारळ चांदीचा होता. मला ते माहीत होतं. मी खोटं बोललो. बातमी बरोबर होती, आणि बातमीदाराचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण तिनं वार्तापत्र नीट वाचलं आणि मी तिची बातमी वाचली नाही. लिहिलंस?"

पेनाचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"मला याचं फार वाईट वाटतं, हेही लिही," मी म्हणालो. "मावलं तर."

मग नाक ओढल्याचा आवाज आला, फोनातून आणि जिन्यावरून दोन्हीकडून.

"बाबा," ती म्हणाली, "आमटी आहे का रे आज?"

"आहे. ये."

दुसऱ्या दिवशी लेजर आला. पहिल्या पानावर ठळक मथळा. "सचिव म्हणतात मुलामा, नोंद म्हणते चांदी." खाली माझं मंगळवारचं भाषण, जसंच्या तसं. मिसेस डुगन यांचं गाड्यांबद्दलचं वाक्य चौकटीत. कॉलमच्या तळाशी, उर्वरित मजकूर पान सातवर. आणि पान सातवर, एका गाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीशेजारी, माझी कबुली. संपूर्ण. मावली होती.

मंडळात सगळ्यांनी पहिलं पान वाचलं. वीस वर्षं झाली, अजून नव्या सभासदांना सांगतात, "ते सबनीस. त्यांच्यामुळे इमारत गेली. साधी चूकही कबूल केली नाही गृहस्थानं."

मी कार्यकारिणीत म्हटलं, वार्तापत्रात खुलासा छापतो. टिपणीस म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. अंकात वाद नकोत." ठराव झाला, माझ्याविरुद्ध सर्वानुमते. मी तरीही छापला. शेवटच्या पानावर, अळूवड्यांच्या पाककृतीखाली, पूर्ण नावानिशी. कुणाच्या लक्षातच आलं नाही, त्यामुळे कुणी हरकतही घेतली नाही. एका बाईंनी कळवलं की अळूवड्या छान झाल्या.

पुढचे तीन रविवार तळघरात वर्गाला कुणी आलं नाही. मी खोक्यांमध्ये बसून घड्याळ बघत असे. चौथ्या रविवारी जिन्यावर काठीचा आवाज आला. माई. मुलानं त्यांना कोपऱ्यावर सोडलं होतं, तो दारापर्यंत काही आला नाही.

त्या बसल्या, पिशवीतून लेजरचा तो महिन्यापूर्वीचा अंक काढला. घड्या पडून पडून मऊ झाला होता.

"मास्तर, काल पोचले सातव्या पानावर."

"हो का?"

"तुम्ही खरं सांगितलंत की यात."

"हो, माई."

"मग रत्नाकर असं कसं म्हणतो, नाही सांगितलं?"

"त्यांनी पहिलं पान वाचलं."

माईंनी पंजा उघडला आणि एकेक बोट दुमडत मोजलं. धर्म, बोलणं, छापणं, जमणं, गाऱ्हाणं. मग ती मूठ तशीच मांडीवर ठेवून माझ्याकडे बघितलं.

"रागावू नका हो," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी खरं आधी बोला. आम्हा म्हाताऱ्यांना तिथवर पोचायला महिना लागतो."

"बरं, माई," मी म्हणालो.

त्यांनी अंक घडी करून पिशवीत ठेवला आणि वही काढली. त्या दिवशी आम्ही तेरा वसाहतींचा धडा घेतला.